कापसाच्या जिनातलं विमान

आमचे घरमालक रस्त्यानं चालताना कधी खाली पाहत नसत. मान मागे टाकलेली, डोळे आभाळात आणि दोन्ही हात अंगापासून जरा सुटलेले. दारव्ह्यातली अशी एक गटार नसेल जिच्यात त्यांचा पाय गेला नाही. समोरून बैलगाडी आली तर गाडीवानच बाजू देई, कारण मालक बाजूला होणार नाहीत हे माणसांनाच काय, बैलांनाही ठाऊक झालं होतं. वर काय पाहता, असं एखाद्या नवख्यानं विचारलं तर ते त्याचा दंड धरून थांबवीत. "थे घार पाहा. पंख हलवते काय? नाही हलवत. मंग राह्यते कशी वर? सांगा." नवखा माणूस हातातली पिशवी सावरत सटके. मी मात्र त्यांची भाडेकरू होते, मला सटकायची सोय नव्हती.

साठ सालाच्या आगेमागे मी मुलींच्या शाळेत शिकवायला दारव्ह्याला आले. एकट्या बाईला खोली द्यायला कुणी राजी होईना. "देऊन टाका वो, पोरगी काय तुमचं विमान खाते?" असं म्हणून मालकांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, मला परस्पर किल्ली दिली. विमानाचा उल्लेख मी थट्टा समजले. मालकांचं कापसातली सरकी काढायचं लहानसं जीन होतं. पुढे त्यांचं घर, मागे टिनाची लांबलचक शेड, आणि शेडच्या भिंतीला भिंत लावून माझ्या दोन खोल्या. हंगामात जीन असं धडधडे की माझ्या पातेल्यातलं वरण आपोआप घोटलं जाई, आणि जेवताना घासात रुई येई. होळीच्या सुमाराला कापूस संपला, मजूर गेले, शेड झाडून झाली. मी सुस्कारा सोडला. दुपारची झोप हा माझा धर्म आहे, आणि त्या उन्हाळ्यात तो मनसोक्त पाळायचा असं मी ठरवलं होतं. सुट्टीत भावाकडे गेलं तर वहिनी लोणच्याच्या कैऱ्या फोडायला बसवते, म्हणून मी मुद्दाम दारव्ह्यालाच राहिले होते.

सुट्टी लागली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ऐन दुपारी भिंतीपलीकडे ठक ठक सुरू झालं. मी तणतणत शेडमध्ये गेले, तर मालक शिडीवर उभे राहून आढ्याला टांगलेला एक पंख दोरानं खाली सोडत होते. हिवाळाभर मी त्या शेडच्या दारावरून जात होते आणि कापसाच्या ढिगांवर काहीतरी टांगलेलं आहे एवढंच पाहिलं होतं. आता ते खाली उतरलं. बांबूच्या फासळ्यांचे दोन पंख, लोखंडी नळ्यांचा सांगाडा, सायकलपेक्षा जाड आणि मोटारीपेक्षा बारीक अशी दोन चाकं, नाकावर सागाचा तासलेला पंखा. एका माणसापुरतं विमान. फटीफटीतून रुई बाहेर डोकावत होती.

"बाई, आल्या तं तसं उभं नका राहू," मालक वरून म्हणाले. "थो दोर धरा."

मी भांडायला गेले होते आणि दोर धरून उभी राहिले. मालकांच्या बाबतीत सगळ्या गावाचं असंच होई.

महायुद्धाच्या काळात ते हवाईदलात होते, पण उडवणाऱ्यांत नव्हे, बांधणाऱ्यांत. आसामकडच्या कुठल्याशा धावपट्टीवर विमानांचे पंख जोडायचे, तारा ताणायच्या, नट आवळायचे, असं त्यांचं काम. लढाई संपली, वडील वारले, आणि ते परत येऊन जिनात बसले. 'बसले' हे आपलं म्हणायचं. त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवताना ते एक पाय दुमडून आणि एक उभा ठेवून असे टेकत की वाढणाऱ्या काकींना वाटे, आता उठले. घास तोंडात असताना उठून शेडमध्ये जात, आणि काकी भाकरी झाकून ठेवीत. चहा तर उभ्यानंच. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला लोक भीत, कारण मध्येच त्यांना काही सुचलं की ते पत्रावळीवर वरणानं विमानाची शेपटी काढून दाखवीत.

त्या विमानानं आमच्या आळीला काय काय दिलं ते सांगायला हवं. पंखावरच्या कापडाला ताठपणा यावा म्हणून पहिल्या वर्षी मालकांनी त्याला भाताच्या पेजेची खळ दिली आणि पंख उन्हात वाळत घातला. ही युक्ती धोतर-लुगड्यांच्या गावातच सुचावी. तासाभरानं शेजारच्यांच्या बकऱ्यांनी डाव्या पंखाचं टोक खाऊन टाकलं होतं, आणि एक बकरी उरलेला पंख चाटत उभी होती. मालक बकरीवर रागावले नाहीत. "तिची काय चुकी? आपणच वाढलं," म्हणाले. त्यानंतर त्यांनी नागपुराहून कसलंसं रोगण आणलं. त्याला अति पिकलेल्या केळ्यांचा वास येई. चैत्र-वैशाखात आमची सगळी आळी केळ्यांच्या वखारीसारखी घमघमत असे, आणि माझ्याकडे आलेल्या पाहुण्या बायका उगाच ताटाकडे पाहून शिकरणाची वाट पाहत.

इंजिन भंगारातून आलं होतं. त्याच्यावर बसस्टँडजवळचा गॅरेजवाला राबत असे. त्याला सगळे चाचा म्हणत. पांढरकवड्याच्या बाजूला लाकूड वाहणारे ट्रक दुरुस्त करत त्याची उमर गेली होती. इंजिन पहिल्यांदा अंगणात चालवून पाहायचं ठरलं त्या सकाळी काकींनी आणि शेजारणींनी तिथंच बाजांवर कुरडया घातल्या होत्या. "भाभी, घाबरू नका," चाचा म्हणाला, "ही शेरनी हाय. गुर्र करंल, पण चावणार नाही." मग त्यानं पंखा फिरवला. शेरनी गुरगुरली, धुरळा उठला, आणि बाजांवरच्या साऱ्या कुरडया उठून कडुलिंबाच्या झाडावर आणि तीन घरांच्या कौलांवर जाऊन बसल्या.

"विमान उडो का न उडो," काकी कमरेवर हात ठेवून ओरडल्या, "माह्या कुरडया तं उडवल्या तुम्ही!"

काकींचा आवाज पार छोट्या गाडीच्या स्टेशनापर्यंत जाई. विमानाच्या नावानं त्या रोज बोटं मोडीत. त्यामुळे गावाची पक्की समजूत होती की काकींच्या धाकानंच मालक उडत नाहीत. एवढं मात्र खरं की विमान कधी उडतच नव्हतं. मालक ते पूर्ण करीत, गायरानात नेऊन जमिनीवरून इकडून तिकडे पळवीत, कधी कधी ते हातभर उचललंही जाई. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या गायी शेपट्या वर करून पळत. तहसीलदारसाहेबही येऊन पाहून जात. बैलगाडीला कर असतो, सायकलला बिल्ला असतो, ह्याला काय लावायचं ते त्यांना सुचत नसे, म्हणून चहा घेऊन परत जात. सगळं झालं की मालक जाहीर करीत, "उद्या." आणि त्याच संध्याकाळी ते एका एका लाकडाला कान लावून बोटाच्या पेरानं ठोकत फिरत. ठक. ऐकायचं. ठक. ऐकायचं. मग मान हलवून म्हणत, "नाही. काहीतरी हाय." सकाळी गाव गायरानात जमे, आणि इकडे शेडमध्ये विमान सुटं होऊन गोणपाटावर पसरलेलं असे. तोवर पावसाळा येई, मग दसरा, मग कापूस. पंख पुन्हा आढ्याला.

"मालक, उद्या का?" अशी थट्टा पानठेल्यावर चाले. मालक हसत. मला मात्र राग येई. मी तीन उन्हाळ्यांच्या झोपा त्या विमानाला दिल्या होत्या, माझा काही हक्क होता की नाही? एकदा मी काकींजवळ बोलून गेले, "घाबरतात हो ते. उगाच आपलं निमित्त काढतात."

काकी सांडगे घालत होत्या. त्यांचा हात थांबला. नेहमीच्या खणखणीत आवाजात नव्हे, अगदी हळू बोलल्या.

"पडाले नाही भेत थे, बाई. तिकडं लढाईत एक साहेब होता, पोरसवदा. ह्यांना मागं बसवून न्यायचा, दांडा हातात द्यायचा. उडवणं त्यानंच शिकवलं. एक दिवस थो एकटा गेला, ह्यांनी बांधलेल्या विमानात. आलाच नाही. काय झालं, कोणी सांगितलं नाही. शत्रूनं पाडलं का ढगात गेला का..." त्यांनी सांडग्याचं पीठ बोटांवरून निपटलं. "ह्यांना वाटते, आपलाच एखादा नट सैल राह्यला असंल. तवापासून खोलून राह्यले. मी म्हणतो, खोलल्यानं थो पोरगा परत येणार हाय काय?"

त्यानंतर ती ठकठक ऐकू आली की मला राग यायचा बंद झाला. झोप येतच नव्हती, पण राग नव्हता.

चौथ्या उन्हाळ्यात, वैशाखात, विमान पुन्हा पूर्ण झालं. मालक "उद्या" म्हणाले. दुपार टळत होती. माझं दार ढकललं गेलं आणि काकी आत आल्या. पदराखाली काहीतरी जड होतं. त्यांनी पदर सोडला, तर पान्यांची आख्खी पिशवी! लहानमोठे सगळे पाने, पकडी, स्क्रू काढायचे पेचकस. काकींनी माझी ट्रंक उघडली, पातळं उचलली, पिशवी तळाशी घातली आणि पातळं पुन्हा रचली.

"विचारलं तं नाही म्हणजा," त्या म्हणाल्या.

"काकी, अहो पण..."

"आता पाह्यतो, कसे खोलतात तं."

मालक अर्ध्या तासात आले. शेड पालथी घालून झाली होती, धान्याच्या कणग्या झाल्या होत्या, देवघर झालं होतं. "बाई, पाने पाह्यले?" मी ट्रंकेवर बसले होते आणि वह्या तपासत होते. नाही म्हणाले. त्या 'नाही'बद्दल मला आजही अभिमान आहे. मग ते चाचाकडे गेले, पण काकी तिथं आधीच जाऊन आल्या होत्या. "साब, माह्याजवळ सारे ट्रकचे पाने," चाचा कपाळाला हात लावून म्हणाला. "तुमच्या ह्या चिडियेचे नट लय बारीक. नाही बसत." गावात एका तासात बातमी झाली की काकींनी नवऱ्याचे पाने लपवले, आता काही उडणं नाही, बायकोनं माणूस वाचवला.

त्या संध्याकाळी मालक विमानाभोवती फिरत राहिले. नटाला बोट लावीत, चिमटीत धरून पाहत, सोडून देत. मुठी उघडत आणि मिटत. काकी शेडच्या दारात उभ्या होत्या.

"कुठं ठेवले?" मालकांनी विचारलं.

"उडून या, मंग सांगतो."

"काही राह्यलं असंल तं?"

"तं राह्यलं. इतके उन्हाळे पाह्यले तुम्ही. आता नाही पाह्याचं."

मालकांनी चिमटीतला नट सोडला. मग म्हणाले, "उद्या सकाळी," आणि ह्या वेळी लाकडाला कान न लावता घरात गेले.

सकाळी गायरानात फार लोक नव्हते. सततच्या 'उद्या'ला गाव विटलं होतं. तांड्यावरचे नाईक आले होते, त्यांनी गायी पलीकडे काढल्या. दोन-चार बायका घागरी घेऊन थांबल्या. ऊन चढायच्या आत उडायला हवं, तापलेली हवा पातळ होते, पंख पेलत नाही, असं मालक नेहमी सांगत. मला पंखाचं टोक धरायला सांगितलं. चाचानं पंखा फिरवला, शेरनी गुरगुरली, माझ्या हातातलं टोक थरथरायला लागलं, आणि मालकांनी हातानं खूण केल्यावर मी ते सोडलं. सोडताना वाटलं, धावत जाऊन पुन्हा धरावं.

ते पळत गेलं. नेहमीसारखं हातभर उठलं. मग नेहमीसारखं खाली बसलं नाही. पळसाच्या झाडांवरून गेलं, तळ्याच्या बांधावरून गेलं, एका बाजूला कललं आणि वळलं. एक घागर फुटली. नाईक 'अरे अरे' करत टोपी काढून उभे राहिले. काकी एका दगडावर पाठ करून बसल्या होत्या. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही, मला नुसतं विचारत होत्या, "हाय का? अजून हाय का?" आणि मी म्हणत होते, "आहे, काकी, आहे." मग आवाज जवळ आला, चाकं जमिनीला लागली, दोनदा उसळली, शेपटीचं लाकूड मोडलं आणि विमान थांबलं. तेव्हा काकी वळल्या. मी रडत होते, चाचा नाचत होता, आणि मालक आत तसेच बसून होते.

शाळेनं शालनारळ दिला. पानठेल्यावरच्यांनी मिरवणूक काढली. मी त्याच दिवशी ट्रंकेतली पिशवी काकींना देऊन टाकली आणि काकींनी ती नवऱ्यापुढे ठेवली. त्यांनी उघडली नाही. मोडलेली शेपटी चाचानं बसवली. मालक लिंबाखाली बाज टाकून निजले ते निजलेच. दुपारी टॉवेल डोळ्यांवर घेऊन. चहा बसून पीत. रस्त्यानं खाली मान घालून चालत, आणि गाडीवान गोंधळून त्यांच्यासाठी थांबत. मला हव्या तेवढ्या शांत दुपारी मिळाल्या आणि मी डोळे उघडे ठेवून आढ्याकडे पाहत पडून राही.

"दमले असतील," मी म्हटलं.

"दमलेला माणूस मले समजते, बाई," काकी म्हणाल्या. "हे दमणं नाही. घरात हायत, पण घरात नाही."

शेवटी मीच मालकांना विचारलं. इतक्या वर्षांची इच्छा पुरी झाली, आता असं का? त्यांनी टॉवेल काढला नाही.

"ह्या खेपेले सारं नीट बांधलेलं होतं, म्हणून आलो खाली," ते म्हणाले. "म्हणजे साहेबाच्या खेपेले नव्हतं. आता पक्कं झालं."

मी ते काकींना सांगितलं. सांगायला नको होतं असं वाटलं, कारण त्या भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. ज्यानं त्यांची सुटका व्हावी म्हणून त्यांनी एवढं केलं, त्यानंच माणूस आणखी रुतला होता. त्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नसताना, काकींनी पिशवीतून एक पाना काढला आणि शेडकडे निघाल्या. मी मागोमाग गेले. लिंबाखालची बाज शेडच्या दारापाशीच होती. काकी मालकांना वळसा घालून आत गेल्या, पंखाच्या टेकूचा एक नट धरला आणि पाना लावून जोर केला. कर्र. मालक हलले नाहीत. पुन्हा कर्र.

"उलटं फिरवून राह्यली तू," टॉवेलाखालून आवाज आला. "आवळून राह्यली. खोलायचं तं इकडून."

"मले काय समजते? मी आपली फिरवून राह्यली." कर्र.

मालक टॉवेल फेकून उठून बसले. "काय म्हनलं? फिरून राह्यला?"

"मंग काय! मस्त फिरते."

ते अनवाणी आत आले. काकींच्या हातातला पाना घेतला, नटाला लावला, आवळला. नट फिरला. अर्धा फेरा, आणखी थोडा. मग अडला. मालकांनी हात काढून घेतला आणि पान्याकडे पाहत राहिले.

"हा सैल होता," ते म्हणाले. "आवळलेला असता तं फिरलाच नसता. मी हा सैल नट घेऊन वर गेलतो."

"असंल," काकी म्हणाल्या. "आले ना खाली?"

"आलो."

"मंग?"

मालक चाकाला टेकून जमिनीवर बसले, पुरते, दोन्ही पाय पसरून, आणि हुंदके देऊन रडायला लागले. त्या साहेबाचं नाव घेत होते. इतक्या वर्षांत मी ते नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. काकी शेजारी बसल्या, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवीत. "त्याचं काय झालं थे आपल्याले नाही माहीत," त्या म्हणत होत्या. "नाही माहीत, आयकलं का? नाही माहीत."

बऱ्याच वेळानं मालकांनी नाक पुसलं आणि उठले. उरलेल्या नटांवरून एक नजर फिरवली. बोटं शिवशिवली असावीत, कारण हात पुढे आला आणि मागे गेला. त्यांनी दुसऱ्या एकाही नटाला हात लावला नाही.

"उद्या सकाळी," ते म्हणाले. "ऊन व्हायच्या आत."

काकींनी नटावरचा पाना काढला, पदरानं पुसला आणि स्वतःच्या कमरेला खोचला.